ब्राउझर निवडायचा कोणी? ठाण्यातल्या एका पतसंस्थेचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यातली एक नागरी सहकारी पतसंस्था. मुख्य कार्यालय नौपाड्यात, एक शाखा वागळे इस्टेटला, एक कळव्यात. संस्थेचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. तांत्रिक भाग मात्र घडला तसाच ठेवला आहे. २०२३ मध्ये या संस्थेने आम्हाला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा प्रश्न ब्राउझरचाच होता, पण उत्तरं एकमेकांच्या नेमकी उलट निघाली. हे प्रकरण लिहून काढण्याचं कारण तेच.

सभासद ढोबळमानाने तीन प्रकारचे. नौपाडा, गोखले रोड परिसरातले निवृत्त ठेवीदार. वागळे इस्टेटमधले छोटे कारखानदार. आणि कळवा-खारेगावातले दुकानदार, ज्यांच्याकडे पिग्मी एजंट रोज संध्याकाळी फेरी मारतो. ठेवीचा मोठा हिस्सा पहिल्या गटाचा, कर्जाचा मोठा हिस्सा दुसऱ्याचा. संगणकाच्या प्रकरणात हे सांगायची गरज काय, असं वाटेल. पुढे कळेलच.

संस्थेचं हिशेबाचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालणारं, पण फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. त्याचं कारण पासबुक प्रिंटर. पासबुकावर नेमक्या ओळीवर नोंद छापायची तर प्रिंटरशी थेट बोलावं लागतं, आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने त्यासाठी ॲक्टिव्हएक्सचा घटक, म्हणजे पानातून थेट यंत्राशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, वापरला होता. ॲक्टिव्हएक्स इंटरनेट एक्सप्लोररखेरीज दुसरा कुठलाही ब्राउझर चालवत नाही. त्या काळात हे सर्रास चालायचं. ज्याने लिहिलं त्याच्यावर आज बोट ठेवण्यात अर्थ नाही.

पहिली अडचण: पासबुक छापेना

१४ फेब्रुवारी २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टने एज या आपल्या नव्या ब्राउझरच्या अपडेटमधून विंडोज १० वरचा इंटरनेट एक्सप्लोरर ११ कायमचा बंद करायला घेतला. हे अचानक नव्हतं. मे २०२१ मध्ये तशी घोषणा झाली होती आणि १५ जून २०२२ ला आधार संपलाही होता. पण घोषणा वाचणारं संस्थेत कोणी नव्हतं. लिपिकांच्या दृष्टीने एवढंच झालं, की एका सकाळी ओळखीच्या निळ्या ‘ई’वर क्लिक केलं तर भलतीच खिडकी उघडली.

हिशेब त्या खिडकीतही उघडायचा. लॉगिन व्हायचं, शिल्लक दिसायची. ‘पासबुक छापा’ दाबलं की मात्र काहीच नाही. चूक नाही, सूचना नाही, काही नाही. कळव्याला दोन जुनी यंत्रं विंडोज ७ वर होती, तिथे इंटरनेट एक्सप्लोरर पूर्वीसारखाच चालू होता. त्यामुळे काही दिवस नौपाड्याच्या काउंटरवरून लोकांना “पासबुक छापायचंय ना? मग कळव्याला जाऊन या” असं सांगितलं जात होतं. म्हणजे ज्या यंत्रांचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० लाच काढून घेतला होता, तीच संस्थेची सगळ्यात भरवशाची यंत्रं ठरली!

संगणकांची देखभाल करणाऱ्या मुलाने शोधाशोध करून एजमधला ‘इंटरनेट एक्सप्लोरर मोड’ चालू केला. या मोडमध्ये एजच्याच खिडकीत इंटरनेट एक्सप्लोररचं जुनं इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर उभं करणारा ब्राउझरचा आतला भाग, चालतं आणि ॲक्टिव्हएक्सही चालतं. सगळे खूश झाले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, वर्षअखेरीचं व्याज जमा होऊन पासबुकं छापून घ्यायला रांग लागलेली असताना, छपाई पुन्हा बंद पडली.

कारण साधं होतं. वापरणाऱ्याने हाताने या मोडमध्ये घातलेला पत्ता एज फक्त ३० दिवस लक्षात ठेवतो. मुदत संपली की पान पुन्हा नव्या इंजिनात उघडतं. सेटिंगच्या यादीत प्रत्येक पत्त्यापुढे मुदतीची तारीख दिसते, पण ती यादी पुन्हा उघडून कोण पाहतो?

कार्यालयासाठी कोणते पर्याय होते

आम्ही पोहोचलो तेव्हा एप्रिल उजाडला होता. टेबलावर चार पर्याय होते.

विंडोजचे अपडेट बंद करून इंटरनेट एक्सप्लोरर परत आणायचा, हा देखभालवाल्याचा सल्ला. लोकप्रिय सल्ला, आणि सगळ्यात वाईट. ज्या यंत्रावरून ठेवीदारांचे पैसे हलतात त्याचे सुरक्षा-अपडेट प्रिंटरखातर थांबवायचे, हे संचालक मंडळाच्या इतिवृत्तात लिहून बघा, लिहिताना हात अडखळेल.

दुसरा पर्याय: क्रोम ठेवायचा आणि त्यात जुनं इंजिन चालवणारं एखादं एक्स्टेंशन घालायचं. चालतं, पण आतून विंडोजमधलं तेच इंजिन वापरतं, आणि मध्ये तिसरा माणूस येतो. तिसरा पर्याय म्हणजे एजचाच मोड, पण नीट पद्धतीने लावलेला. चौथा, हिशेबाचं सॉफ्टवेअर नव्याने लिहून घेणं. खरं उत्तर चौथंच होतं. मात्र त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागणार होते, आणि काउंटरवर रांग आज उभी होती.

कार्यालयात काय केलं

तिसरा पर्याय घेतला. संस्थेच्या सर्व्हरवर एक छोटी यादी-फाइल ठेवली. त्यात एकच नोंद, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा पत्ता. प्रत्येक यंत्रावर धोरण म्हणून एजला सांगितलं की ही यादी वाच आणि तिच्यातला पत्ताच जुन्या इंजिनात उघड. अशा यादीला ३० दिवसांची मुदत नसते. बाकी सगळं, म्हणजे सरकारी पोर्टल, मेल, बँकेचं काम, नव्या इंजिनातच.

यादीत दुसरा पत्ता घालायचा मोह लगेच झाला. “हेही एक जुनं संकेतस्थळ आहे, त्यातच टाका की.” टाकलं नाही. जुनं इंजिन जितक्या कमी पानांसमोर उघडं पडेल तितकं बरं.

कळव्याच्या दोन यंत्रांवर थोडा वाद झाला. तिथे क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती होती. विंडोज ७ वर त्यापुढचा क्रोम येतच नाही, आणि एजचंही तसंच. फायरफॉक्सने जुलै २०२३ मध्ये ११५ ही विस्तारित आधाराची आवृत्ती विंडोज ७ साठी शेवटची म्हणून काढली आणि तिला पुढेही सुरक्षा-दुरुस्त्या देत राहिलं, पण ती तेव्हा यायची होती. शिवाय खालची विंडोजच उघडी असेल तर ब्राउझरने किती झाकायचं? शेवटी त्या दोन यंत्रांचं बाहेरचं इंटरनेट तोडलं, ती फक्त आतल्या हिशेबाला ठेवली, आणि नवी यंत्रं आल्यावर काढून टाकली.

प्रत्येक शाखेत एका यंत्रावर फायरफॉक्सही ठेवला. कारण आवडीनिवडीचं नाही. एज, क्रोम, ऑपेरा, ब्रेव्ह या सगळ्यांच्या पोटात आज ब्लिंक हेच इंजिन आहे. एखादं पान एजमध्ये बिघडलं म्हणून क्रोममध्ये उघडून पाहणं म्हणजे त्याच डॉक्टरांकडे दुसरं मत घ्यायला जाणं. फायरफॉक्सचं गेको इंजिन वेगळं आहे. तिथे पान चाललं किंवा नाही चाललं, दोन्हीतून काहीतरी कळतं.

इथे एक गोष्ट अधोरेखित करतो. कार्यालयात ब्राउझर *निवडता* आला, कारण यंत्रं संस्थेची, माणसं संस्थेची आणि नियमही संस्थेचे. “आजपासून हाच ब्राउझर” असं सांगितलं, दोन दिवस कुरकुर झाली, तिसऱ्या दिवशी सवय झाली. दुसऱ्या प्रकरणात घोळ झाला तो हीच सवय दाराबाहेर नेल्यामुळे.

दुसरी अडचण: पांढरं पान

दरम्यान संस्थेने सभासदांसाठी संकेतस्थळ करायला दिलं होतं. शिल्लक आणि शेवटच्या नोंदी पाहणं, कर्जाचा हप्ता भरणं, केवायसीची कागदपत्रं चढवणं. सहकार कायद्यानुसार वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ऑगस्टमध्ये संकेतस्थळ सुरू करून सभेत मिरवायचं असा बेत होता. काम नवी मुंबईतल्या एका छोट्या कंपनीने केलं. दिसायला सुबक, क्रोमवर झपाट्याने चालणारं.

पहिल्याच आठवड्यात फोन सुरू झाले. “अहो, नुसतं पांढरं पान येतंय. माझे पैसे आहेत ना जागेवर?” हा प्रश्न एका निवृत्त शिक्षिकेचा. व्यवस्थापकांच्या लेखी ती तांत्रिक तक्रार होती. बाईंच्या लेखी ती ठेवीची काळजी होती, आणि खरं सांगायचं तर पतसंस्थेच्या बाबतीत बाईंचंच बरोबर. कोरं पान ही अफवेची सुरुवात असते.

काउंटरवरच्या लिपिकाने आपल्या परीने उपाय सांगितला: “मॅडम, आयफोनवर क्रोम डाउनलोड करा, त्यात उघडा.” बाईंनी केला. पान पांढरंच.

संस्थेने आम्हाला दुसऱ्यांदा बोलावलं ते इथे. आम्ही आधी सर्व्हरच्या नोंदी वाचायला घेतल्या. प्रत्येक ब्राउझर पान मागताना आपली ओळख पाठवतो. ती ओळख म्हणजे इतिहासाचं गाठोडं आहे: आजचा क्रोमही स्वतःला ‘मोझिला’ म्हणवतो, पुढे ‘लाइक गेको’ लावतो आणि शेवटी ‘सफारी’ही जोडतो, कारण कधीकाळी संकेतस्थळं नाव पाहून पान नाकारत असत. आयफोनवरचा क्रोम त्यात ‘सीआरआयओएस’ अशी वेगळी खूण टाकतो. अपयशी ठरलेल्या भेटींत ती खूण जागोजागी दिसली. म्हणजे लिपिकाचा सल्ला बऱ्याच जणांनी मनापासून पाळला होता, आणि कोणाचंच काम झालं नव्हतं.

कारण आयफोनवर ॲपलच्या नियमानुसार प्रत्येक ब्राउझरला ॲपलच्या सफारी ब्राउझरचंच वेबकिट इंजिन वापरावं लागतं. मार्च २०२४ पासून युरोपीय संघात याला वाट करून दिली गेली, पण हे प्रकरण त्याआधीचं आणि ठाण्यातलं. चिन्ह क्रोमचं, आत वेबकिट. आणि वेबकिटची आवृत्ती ठरते आयओएसवरून, म्हणजे आयफोनच्या मूळ प्रणालीवरून. फोन जुना होऊन नवं आयओएस मिळेनासं झालं, की इंजिनही तिथेच थांबतं, वर कितीही ब्राउझर उतरवा.

आता सभासदांचा पहिला गट आठवा. मुलगा घोडबंदर रोडला राहायला गेला, त्याने नवा फोन घेतला, जुना आयफोन बाबांना किंवा आईला दिला. आयफोन ६एस, आयफोन ७, पहिला एसई. दिसायला ठणठणीत, बॅटरी बदललेली, वर छान कव्हर. या तिघांनाही आयओएस १५ च्या पुढे जाता येत नाही. एकूण भेटींत हे फोन थोडे होते. ठेवींच्या हिशेबाने पाहिलं तर संस्थेचे सगळ्यात जुने, सगळ्यात मोठे ठेवीदार त्यांच्यात होते.

नेमकं कुठे अडलं

बाईंनी फोन आणून दिला. तो केबलने मॅकला जोडून सफारीचं तपासणीचं साधन उघडलं आणि लाल अक्षरातली एकच ओळ दिसली: सिंटॅक्स एरर, इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम.

रकमेत लाखा-हजाराच्या जागी स्वल्पविराम घालायला प्रोग्रॅमरने एक रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात ठरावीक साचा शोधणारं सूत्र, वापरलं होतं. त्यात ‘लुकबिहाइंड’ होतं, म्हणजे या अंकाच्या मागे काय आहे ते बघून ठरव, अशी अट. क्रोममध्ये ही सोय २०१७ पासून आहे. सफारीत ती १६.४ या आवृत्तीत, मार्च २०२३ मध्ये आली. आयओएस १५ वरचं वेबकिट ती अट ओळखतच नाही.

बरं, मग तेवढा स्वल्पविराम चुकायला हवा होता, सगळं पान का गेलं? जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रॅमची भाषा. तिची फाइल चालवण्याआधी इंजिन ती पूर्ण वाचतं. वाचतानाच व्याकरणाची चूक सापडली तर फाइलमधली एकही ओळ चालत नाही. आणि या संकेतस्थळाचं सगळं पान, मथळ्यापासून तळटीपेपर्यंत, त्या एकाच फाइलमधून तयार होत होतं. सर्व्हरकडून येणारं मूळ पान म्हणजे एक रिकामा डबा. एका स्वल्पविरामाने आयुष्यभराची ठेव पडद्यावरून गायब केली ती अशी.

प्रोग्रॅमर मुलगा हुशार होता. तो म्हणाला, “सर, आम्ही बेबल लावलंय, जुन्या ब्राउझरसाठी कोड आपोआप बदलतो.” खरं आहे, बेबल नवं व्याकरण जुन्यात उतरवतं. पण लुकबिहाइंडचं रूपांतर ते करत नाही; ती क्षमता इंजिनातच असावी लागते. साधन लावलं म्हणून निर्धास्त राहिलं, की नेमकी त्याच्या कक्षेबाहेरची गोष्ट आपल्याला गाठते.

ही एक ओळ तात्पुरती काढून पाहिली तर मागे दडलेल्या आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. हप्त्याच्या तारखेच्या जागी ‘एनएएन’ (नॉट अ नंबर, म्हणजे हा आकडाच नाही) दिसत होतं. सर्व्हर तारीख आणि वेळ मध्ये मोकळी जागा सोडून पाठवत होता. क्रोम ती समजून घेतो. जुनी सफारी ‘अवैध तारीख’ म्हणून मोकळी होते. चूक सफारीची म्हणता येत नाही, कारण तारीख आणि वेळ यांच्यात ‘टी’ हे अक्षर असलेला साचा तेवढा जावास्क्रिप्टच्या मानकात पक्का आहे, बाकीचं प्रत्येक इंजिनाच्या मर्जीवर.

दुसरी गोष्ट ‘हप्ता भरा’ बटणाची. दाबलं की आधी सर्व्हरला विचारणा आणि उत्तर आल्यावर नव्या खिडकीत पैसे भरण्याचं पान. बोटाचा स्पर्श आणि खिडकी उघडणं यांत वेळ गेला की सफारी त्या खिडकीला आगंतुक जाहिरात समजते आणि गुपचूप अडवते. क्रोम या बाबतीत थोडी मुभा देतो, म्हणून बनवणाऱ्यांना हे कधी दिसलंच नाही.

संचालक मंडळापुढचे पर्याय

बैठकीत पहिली सूचना आली ती मुखपृष्ठावर पट्टी लावण्याची: ‘हे संकेतस्थळ पाहण्यासाठी कृपया क्रोम वापरा.’ सूचना करणारे संचालक व्यवसायाने सनदी लेखापाल, सगळ्यांत जास्त संगणक वापरणारे. त्यांना लिपिकाचा किस्सा आणि सर्व्हरच्या नोंदी दाखवल्यावर सूचना मागे पडली. पण ती सुचते कशी, हे समजण्यासारखं आहे. मराठी संकेतस्थळांनी एक काळ असा काढलाय, की पानासोबत येणारा डायनॅमिक फाँट फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उमटायचा आणि दुसऱ्या ब्राउझरात मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. ‘अमुक ब्राउझरमध्येच पाहा’ ही पाटी तेव्हा नाइलाज होता. युनिकोड आल्यावर तो नाइलाज संपला, पाटीची सवय राहिली.

दुसरी सूचना मोबाइल ॲपची. ॲप दोन करावी लागणार, अँड्रॉइडचं वेगळं, आयफोनचं वेगळं. ॲपलच्या खात्याची ९९ डॉलरची वार्षिक वर्गणी वेगळी. आणि जुन्या आयओएसचा प्रश्न तिथेही सुटत नाही, तो ‘तुमच्या फोनवर हे ॲप चालणार नाही’ या रूपात परत येतो. मंडळातल्या दोघांना ॲप हवंच होतं आणि आजही हवं आहे. माझं मत तेव्हाही हेच होतं, की शिल्लक बघायला ॲप लागत नाही.

व्यवस्थापकांचं म्हणणं वेगळं: “ज्यांचं चालत नाही ते शाखेत येतील. नाहीतरी येतातच.” हे टाकाऊ मत नव्हतं. सगळ्यांना सगळं ऑनलाइन हवंय हा शहरी गैरसमज आहे. अनेक ठेवीदारांना काउंटरवर दोन शब्द बोलायचे असतात. पण ‘शाखेत या’ असं सांगणारं पान आणि कोरं पान यांत फरक आहे. पहिलं सेवा देतं, दुसरं घाबरवतं.

चौथा मार्ग आमचा: पान पायापासून उलट्या क्रमाने बांधायचं. शिल्लक आणि नोंदींचा तक्ता सर्व्हरनेच साध्या एचटीएमएलमध्ये तयार करून पाठवायचा. जावास्क्रिप्ट आली तर चाळणी, शोध, आलेख अशा सोयी वर चढतील. नाही आली तर तक्ता तरी दिसेल. यात सुरुवातीचं काही काम वाया जाणार होतं आणि सर्वसाधारण सभेची तारीख जवळ होती.

निर्णयाची घडी इथे आली. सगळं नव्याने बांधून सभेनंतर आणायचं, की ठिगळ लावून सभेत दाखवायचं? मंडळाने मधला रस्ता काढला, आणि मला तो शहाणपणाचा वाटला: सभेपूर्वी फक्त शिल्लक आणि नोंदींचं पान नव्या पद्धतीने, बाकी विभाग तोवर बंद आणि त्या जागी शाखेचा फोन नंबर.

काय केलं

स्वल्पविराम घालायचं काम सर्व्हरकडे गेलं. लाख-कोटींच्या भारतीय पद्धतीने रक्कम मांडण्याची सोय ब्राउझरांत मुळातच आहे, पण पैशाच्या आकड्याबाबत ब्राउझरवर भिस्त ठेवायची नाही असं ठरलं. देवनागरी आकडे की इंग्रजी, यावरही चर्चा झाली. भाषा मराठी अशी सांगितली की ती सोय आकडे आपोआप देवनागरी करते. बाकी पान मराठीत, आकडे मात्र पासबुकावर छापतात तसे इंग्रजीच ठेवले, कारण लोक पासबुक शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहतात.

ब्राउझरचं नाव विचारून निर्णय घेणारा सगळा कोड काढला. जुन्या कोडमध्ये फायरफॉक्सवाल्यांना ‘आपला ब्राउझर चालणार नाही’ असं सांगणारी एक अट होती. फायरफॉक्समध्ये पान व्यवस्थित चालत असूनही! आता नावाऐवजी क्षमता विचारली जाते: ही गोष्ट तुला येते का? येत असेल तर वापर, नसेल तर साधं रूप दाखव. तारखा पक्क्या साच्यात, आणि पैसे भरण्याचं पान नव्या खिडकीऐवजी त्याच खिडकीत.

केवायसीच्या अर्जातल्या जन्मतारखेने बराच वेळ खाल्ला. ब्राउझरचा स्वतःचा तारीख-निवडक प्रत्येक फोनवर वेगळा दिसतो, अँड्रॉइडवर कॅलेंडरसारखा. अँड्रॉइडच्या कॅलेंडरमध्ये वरच्या सालावर बोट ठेवलं की सालांची यादी उघडते, पण हे माहीत असायला हवं. वागळे शाखेत एक काका मागे जायचा बाण एकेक महिना दाबत बसले होते; त्यांना १९५२ पर्यंत जायचं होतं. शेवटी दिवस, महिना, साल असे तीन साधे खाने दिले. देखणे नाहीत. सगळीकडे सारखे चालतात.

अक्षरांचीही एक गंमत. पान हलकं करायला आधीच्या कंपनीने मराठी फाँटमधली ‘न लागणारी’ अक्षरं काढून टाकली होती आणि त्यात ‘ऱ’ गेला होता. त्यामुळे ‘हप्ता भरणाऱ्या सभासदांनी’ या ओळीतला ‘ऱ्या’ प्रत्येक ब्राउझर आपापल्या दुसऱ्या फाँटमधून उसना आणत होता. कुठे जाड, कुठे बारीक, कुठे ओळीखाली घसरलेला. मराठीसाठी फाँट कापताना ‘ऱ’ आणि ‘ळ’ वगळले नाहीत ना, हे आधी पाहावं. फाँट येईपर्यंत मजकूर अदृश्य न ठेवता फोनच्याच फाँटमध्ये दाखवायचा, हेही केलं.

चाचणीसाठी कर्मचाऱ्यांच्या घरच्या खणांतले जुने फोन गोळा केले. जे मिळाले नाहीत ते दूरस्थ सेवेवर भाड्याने पाहिले. अशी सेवा देणारी ब्राउझरस्टॅक ही जगभर वापरली जाणारी कंपनी २०११ मध्ये मुंबईतच सुरू झाली आहे, त्यामुळे साधनं परदेशातून आणावी लागतात ही सबब चालत नाही. हातातला फोन मात्र वेगळंच काहीतरी शिकवतो. फुटक्या काचेवर लहान बटण दाबून पाहिलं की बटणाचा आकार आपोआप वाढतो.

मर्यादाही ठरवल्या. वाचणं कुठेही चाललं पाहिजे. पैसे भरणं टीएलएस १.२ (माहिती सुरक्षित पाठवण्याची पद्धत) पेक्षा जुन्या जोडणीवर चालणार नाही, तिथे तडजोड नाही. ऑपेरा मिनीच्या जास्त बचतीच्या मोडमध्ये पान आधी त्यांच्या सर्व्हरवर तयार होऊन आकसून येतं, तिथे कागदपत्रं चढवण्याची हमी देत बसायचं नाही. शाखेची वेळ आणि पत्ता दाखवायचा.

निष्पत्ती

सर्वसाधारण सभेत शिल्लक आणि नोंदींचं पान दाखवलं गेलं. मंचावरच्या मोठ्या पडद्यावर ते फारच साधं दिसलं, आणि “एवढ्या खर्चात एवढंच?” असा प्रश्न आलाच. पांढऱ्या पानाचे फोन बंद झाले. हप्ता भरण्याचा विभाग दिवाळीनंतर आला, केवायसी त्याच्याही नंतर. केवायसीसाठी ज्येष्ठ सभासद अजूनही शाखेतच येतात. तीन खाने दिले काय आणि तेरा दिले काय, आधार कार्डाचा फोटो काढून चढवणं हा ब्राउझरचा प्रश्न नाहीच. व्यवस्थापक तेवढ्यापुरते बरोबर ठरले.

कार्यालयात पासबुक छपाई सुरळीत आहे. पण ती उसन्या मुदतीवर चालली आहे. इंटरनेट एक्सप्लोरर मोडला मायक्रोसॉफ्टने किमान २०२९ पर्यंतचा शब्द दिला आहे, आणि एकदा काम चालू झालं की सॉफ्टवेअर बदलण्याची घाई कोणालाच राहत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट कार्यादेशाची. संकेतस्थळाच्या कार्यादेशात रंग, बोधचिन्ह, पानांची संख्या सगळं होतं. कोणत्या ब्राउझरच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत चाललं पाहिजे, याबद्दल एक शब्द नव्हता. कंपनीने आपल्या नव्या लॅपटॉपवर चालवून दाखवलं, संस्थेने आपल्या नव्या यंत्रांवर पाहिलं, दोघांचं समाधान झालं.

सभासद कोणते फोन वापरतात हे कळायला सर्वेक्षणाचीही गरज नव्हती. महिनाभर आधी नुसतं शाखांचे पत्ते आणि ठेवींचे व्याजदर असलेलं एक साधं पान चालवलं असतं, तरी सर्व्हरच्या नोंदींतून चित्र उभं राहिलं असतं. मात्र त्या नोंदी वाचताना नुसती टक्केवारी फसवते. जो फोन पान उघडूच शकत नाही, त्याचा मालक दुसऱ्यांदा येत नाही, आणि आकडेवारीत तो ‘नगण्य’ ठरतो. या संस्थेत भेटींच्या जोडीला सभासदांचा गट पाहिला नसता, तर आयओएस १५ सोडून देण्याचा निर्णय आकड्यांनी सहज बरोबर ठरवला असता.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरबाबत इशारे फार जुने होते. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने ४५ व्या आवृत्तीपासून जुनी प्लगइन, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेले प्रोग्रॅम, पूर्ण बंद केली आणि त्याबरोबर पानात चालणारे जावाचे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे जावा ॲपलेटही गेली. क्रोममध्ये त्यांच्या आधारे डिजिटल सही करणाऱ्यांना तेव्हा फटका बसला होता. ब्राउझरच्या पोटात शिरून यंत्राशी बोलण्याचे दिवस संपले, हे तेव्हाच उघड झालं होतं. आज तेच काम यंत्रावर चालणारा छोटा स्वतंत्र प्रोग्रॅम करतो आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो, मग ब्राउझर कुठलाही असो. पासबुक प्रिंटरसाठीही तेच करता येतं, आणि तेवढा एक घटक बदलला तर अख्खं सॉफ्टवेअर लगेच बदलावं लागणार नाही. हा पर्याय आम्ही एप्रिलमध्येच लेखी दिला होता. मात्र मंडळापुढे तो ‘नवं सॉफ्टवेअर’ या मोठ्या विषयाला जोडून गेला आणि त्याच्याबरोबरच लांबला. वेगळा ठेवला असता तर कदाचित तेव्हाच मंजूर झाला असता.

छपाईच्या त्या घटकासाठी आता दोन कोटेशन्स आली आहेत. एकात ‘सर्व आधुनिक ब्राउझरवर चालेल’ एवढंच लिहिलंय. सचिवांनी ते परत पाठवून ब्राउझरांची नावं, आवृत्त्या आणि विंडोजची आवृत्ती लेखी मागवली आहे. उत्तर यायचं आहे.